कळ, अक्षर आणि आज्ञा

ज्या शाळांत संगणक आला आहे, तेथील पुष्कळ शिक्षकांच्या अनुभवास एक गोष्ट येते. कळफलक मराठीत असताना कंट्रोल आणि सी ह्या दोन कळा एकत्र दाबाव्यात, तर एखाद्या प्रोग्रॅममध्ये मजकुराची नक्कल होत नाही. कंट्रोल आणि एस दाबावे, तर लेखन जतन होत नाही. तीच कृती कळफलक इंग्रजीत बदलून केली, की बिनबोभाट पार पडते. हे सर्वच प्रोग्रॅमांत घडते असेही नाही. काहींत घडते, काहींत घडत नाही, आणि त्यामुळे गोंधळ अधिकच वाढतो. विद्यार्थी हे सारे पाहत असतात. ‘इंग्रजीत चालते, मराठीत चालत नाही’ एवढेच त्यांच्या ध्यानात राहते आणि उणेपणा आपल्या भाषेत आहे असा त्यांचा ग्रह होतो.

हा ग्रह चुकीचा आहे. तो दूर करण्यासाठी उपदेशाची आवश्यकता नाही. यंत्राचे काम कसे चालते हे नीट समजावून दिले म्हणजे पुरे. प्रस्तुत पाठ त्यासाठी योजिला आहे. इयत्ता सहावी व सातवीच्या वर्गांना तो दोन तासिकांत शिकविता येईल. तथापि शिक्षकांनी तो प्रथम स्वतःसाठी वाचावा. कारण शाळेच्या दफ्तराशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

पाठाचा हेतू

कळ, अक्षर आणि आज्ञा ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे हा ह्या पाठाचा हेतू होय. ह्या तिन्ही गोष्टी एकच आहेत असे जेव्हा प्रोग्रॅम तयार करणारा गृहीत धरतो, तेव्हा शॉर्टकट बिघडतो. पाठाचे सार एवढेच आहे.

विषयविवेचन : कळ म्हणजे जागा

आपण कळ दाबतो तेव्हा कळफलक संगणकाला अक्षर पाठवीत नाही. तो केवळ एक क्रमांक पाठवितो, आणि त्या क्रमांकाचा अर्थ ‘अमुक ओळीतील अमुक कळ दाबली गेली’ एवढाच असतो. कळेवर छापलेले अक्षर माणसाच्या डोळ्यांसाठी आहे. यंत्राला ते दिसत नाही.

त्या जागेवरून कोणते अक्षर उमटवायचे, हे संगणकात बसविलेली मांडणी ठरविते. इंग्रजी मांडणी चालू असेल तर तळच्या ओळीतील तिसऱ्या कळेवरून सी उमटतो. मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी चालू असेल तर त्याच कळेवरून म उमटतो. कळ तीच, जागा तीच, यंत्राला मिळालेला क्रमांकही तोच; बदलली ती मांडणी.

इन्स्क्रिप्ट ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण ठरविली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तिची रचना वर्णमालेला धरून आहे. स्वर व मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे. ज्या कळेवर क, त्याच कळेवर शिफ्ट धरून ख. ज्या कळेवर प, तेथेच शिफ्टने फ. मराठीत क ज्या जागी, त्याच जागी बंगालीतील आणि तमिळमधील क. वर्णमाला शिकविणाऱ्या शिक्षकास ही रचना आपलीशी वाटल्यावाचून राहणार नाही.

आज्ञेला रोमन अक्षर का?

आता आज्ञेकडे वळू. नक्कल करण्यासाठी कंट्रोलबरोबर सी हेच अक्षर का? ह्याचे मूळ जुन्या दूरमुद्रक यंत्रांत आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत ॲस्की ह्या नावाची अक्षरांच्या क्रमांकांची प्रमाण यादी प्रसिद्ध झाली. तीत १२८ स्थाने होती. पैकी आरंभीची ३२ स्थाने अक्षरांसाठी नसून यंत्राला द्यावयाच्या सूचनांसाठी होती. कंट्रोल कळ दाबली की अक्षराच्या क्रमांकातून ६४ वजा होत आणि अक्षराऐवजी सूचना निघे. मोठ्या सी चा क्रमांक ६७; त्यातून ६४ गेले, उरले ३; म्हणजे तिसरी सूचना.

आता हेच गणित आपल्या म ला लावून पाहावे. जगातील सर्व लिप्यांसाठी आज वापरल्या जाणाऱ्या युनिकोड ह्या यादीत देवनागरीची स्थाने २३०४ पासून सुरू होतात आणि म चा क्रमांक २३५० आहे. त्यातून ६४ वजा करून कोणतीही सूचना हाती लागत नाही. आजचे प्रोग्रॅम अशी वजाबाकी सहसा करीत नाहीत. परंतु आज्ञेचे नाव रोमन अक्षरानेच घ्यावयाचे, ही वहिवाट तेथून पडली आणि ती आजतागायत चालू आहे.

येथे आणखी एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. काही आज्ञा अक्षरावरून ठरल्या, तर काही जागेवरून. छपाईला पी आणि जतन करण्यास एस ही त्या त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत. परंतु झेड, एक्स, सी आणि व्ही ह्या कळांची गोष्ट निराळी आहे. मजकूर कापणे, त्याची नक्कल करणे व तो अन्यत्र चिकटविणे ही पद्धती लॅरी टेसलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० नंतरच्या दशकात रूढ केली. पुढे ॲपल कंपनीच्या १९८३ च्या लिसा ह्या संगणकावर ह्या कामांसाठी तळच्या ओळीतील शेजारशेजारच्या कळा आल्या. एका हाताने चटकन दाबता याव्यात ही त्यांची सोय. व्ही हे चिकटविण्याच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर नाही. ती सी च्या शेजारची कळ आहे.

म्हणजे कंट्रोल-व्ही ही आज्ञा ‘व्ही ह्या अक्षराची’ म्हणावी की ‘तळच्या ओळीतील चौथ्या कळेची’ म्हणावी? इंग्रजी मांडणीत दोहोंचे उत्तर एकच येते, म्हणून हा प्रश्न तेथे कोणास पडत नाही. इंग्रजीच्या बाहेर पाऊल टाकताच तो उभा राहतो.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही

ही अडचण केवळ मराठीची नाही, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. जर्मन कळफलकावर वाय आणि झेड ह्यांच्या जागा परस्पर बदललेल्या असतात. एखादा प्रोग्रॅम केवळ जागा पाहत असेल, तर जर्मन लेखक ‘केलेले परत फिरव’ म्हणून झेड दाबतो आणि यंत्र ‘परत फिरविलेले पुन्हा कर’ ही नेमकी उलटी आज्ञा पाळते. फ्रेंच कळफलकावर ए आणि क्यू तसेच झेड आणि डब्ल्यू ह्यांची अदलाबदल आहे. तेथे जागा पाहणारा प्रोग्रॅम असाच फसतो.

रशियन कळफलकावर याच्या उलट गंमत आढळते. आपल्या सी च्या जागी तेथे जे अक्षर आहे त्याचा आकार हुबेहूब सी सारखाच आहे, परंतु ते रशियन लिपीतील स हे अक्षर होय. युनिकोडमध्ये रोमन सी चा क्रमांक ६७, तर ह्या रशियन अक्षराचा १०५७. डोळ्यांना दोन्ही एक. यंत्राला मात्र सर्वस्वी भिन्न. तेव्हा केवळ अक्षर पाहणारा प्रोग्रॅम तेथे मुका राहतो.

तिसरा प्रकार पोलिश भाषेत घडला. त्या भाषेत चिन्हांकित अशी नऊ अक्षरे आहेत आणि ती उजवी अल्ट कळ धरून लिहितात. विंडोज ही कार्यप्रणाली त्या उजव्या अल्टला कंट्रोल व अल्ट एकत्र दाबल्यासारखेच मानते. मीडियम ह्या लेखनाच्या संकेतस्थळावर लेखन आपोआप जतन होत असल्याने तेथे कंट्रोल-एस ही आज्ञा अडवून ठेवलेली होती. परिणामी पोलिश लेखकांना एस वर तिरपी रेघ असलेले आपले अक्षर तेथे लिहिताच येईना. २०१५ मध्ये ह्या चुकीचा उलगडा तेथील तज्ज्ञांनी जाहीरपणे लिहून मांडला. आपल्याकडेही विंडोजच्या भारतीय इंग्रजी मांडणीत उजवी अल्ट व ४ ह्या कळांनी रुपयाचे चिन्ह उमटते. एखाद्या प्रोग्रॅमने कंट्रोल-अल्ट-४ ही जोडी स्वतःच्या कामासाठी राखून ठेवली असेल, तर रुपयाचे चिन्ह असेच हरवेल.

स्पेनने निराळा मार्ग धरला. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या स्पॅनिश आवृत्तीत जतन करण्यास कंट्रोल-जी आणि ठळक अक्षरांसाठी कंट्रोल-एन आहे. कारण त्या भाषेतील शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. ह्यामुळे लक्षात ठेवणे सोपे झाले; मात्र इंग्रजी आवृत्ती वापरताना त्याच माणसाच्या बोटांची सवय त्याला दगा देते.

जुने फॉन्ट आणि नवी अडचण

शिक्षकांपैकी काही जण म्हणतील, ‘पूर्वी शिवाजी फॉन्टमध्ये आम्ही पानेच्या पाने लिहिली, तेव्हा ही अडचण कधी आली नाही.’ ते खरे आहे, आणि त्याचे कारणही उद्बोधक आहे. त्या फॉन्टमध्ये यंत्राच्या लेखी आपण रोमन अक्षरेच लिहीत होतो. केवळ त्या अक्षरांवर देवनागरीचे चित्र चढविलेले होते. म्हणूनच तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तो मजकूर उघडला की रोमन अक्षरांची निरर्थक रास दिसे. यंत्राला मराठी ठाऊकच नव्हती, म्हणून शॉर्टकट बिघडण्याचा प्रश्नही नव्हता. युनिकोडमुळे यंत्र मराठीला मराठी म्हणून ओळखू लागले. मजकूर शोधता येऊ लागला आणि कोठेही वाचता येऊ लागला. आजची अडचण ह्या प्रगतीच्या पोटी आली आहे. ती टाळण्यासाठी मागे जाणे शहाणपणाचे नाही.

चालते कोठे आणि अडते कोठे

विंडोजमध्ये प्रत्येक कळेला जागेच्या क्रमांकाखेरीज एक मधले नाव असते. इन्स्क्रिप्ट मांडणी चालू असली तरी म च्या कळेचे मधले नाव सी हेच राहते. जो प्रोग्रॅम हे मधले नाव पाहतो, त्यात मराठीतही नक्कल होते. जो केवळ उमटणारे अक्षर पाहतो, त्यात होत नाही. लिनक्सवर आधारलेल्या प्रणालींत अक्षर रोमन नसल्यास पुष्कळसे प्रोग्रॅम त्याच जागी दुसऱ्या मांडणीत कोणते रोमन अक्षर आहे ते पाहतात. मात्र त्यासाठी ती दुसरी मांडणी यंत्रावर बसविलेली असावी लागते. संकेतस्थळांच्या पानांना उमटणारे अक्षर आणि कळेची जागा ह्या दोन्ही गोष्टी कळू शकतात. त्यांपैकी कोणती पाहावयाची, हे पान तयार करणाऱ्यावर अवलंबून असते. एकाच यंत्रावर एका ठिकाणी आज्ञा चालते व दुसऱ्या ठिकाणी अडते, ह्याचे रहस्य हे आहे.

दफ्तरातील धोका

आता ज्या गोष्टीसाठी शिक्षकांनी हा विषय मनावर घ्यावा ती सांगतो. आज्ञा पाळली गेली नाही, तर यंत्र सहसा बोलत नाही. समजा, विद्यार्थ्यांची यादी भरण्याचे काम चालू आहे. नावे मराठीत आहेत, जन्मतारखा आहेत. कळफलक मराठीत असताना एका विद्यार्थ्याच्या जन्मतारखेची नक्कल करण्यास कंट्रोल-सी दाबले. ती आज्ञा पाळली गेली नाही. पुढचा रकाना भरण्यासाठी कळफलक इंग्रजीत बदलला आणि कंट्रोल-व्ही दाबले. ही आज्ञा मात्र पाळली गेली. तेव्हा चिकटले काय? यंत्राच्या स्मरणात राहिलेली आधीची नक्कल, म्हणजे कदाचित मागच्या विद्यार्थ्याची जन्मतारीख.

पडद्यावर तारीख दिसते, रकाना भरलेला दिसतो, आणि चूक कोणाच्याच लक्षात येत नाही. शाळेच्या नोंदीतील जन्मतारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते. दाखला जातो पुढच्या शाळेत, नोकरीत, सरकारी कचेरीत. ती तारीख दुरुस्त करून घेताना त्या मुलास किंवा त्याच्या पालकास किती खेटे घालावे लागतात, हे आपण सर्व जाणतो. एका न पाळल्या गेलेल्या आज्ञेची किंमत असे एखादे मूल पुढे अनेक वर्षे मोजीत राहते.

व्यवहारात पाळावयाचे नियम

१. शॉर्टकट चालला नाही, तर प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील भाषेचे चिन्ह पाहावे. विंडोजमध्ये विंडोज कळ व स्पेस दाबून भाषा बदलता येते. डावी अल्ट व शिफ्ट एकत्र दाबली गेल्यास भाषा नकळतही बदलू शकते, हे ध्यानात असावे.

२. मराठी मांडणी बसविताना इंग्रजी मांडणी काढून टाकू नये. दोन्ही असाव्यात. कित्येक प्रोग्रॅमांना आज्ञा ओळखण्यास त्या दुसऱ्या मांडणीचा आधार लागतो.

३. ज्या आज्ञांत अक्षर नाही त्या शिकून घ्याव्यात. मांडणी कोणतीही असो, त्या बदलत नाहीत. विंडोजवरील लेखनाच्या बहुतेक प्रोग्रॅमांत कंट्रोल-इन्सर्टने नक्कल होते, शिफ्ट-इन्सर्टने चिकटते आणि शिफ्ट-डिलीटने मजकूर कापला जातो. वर्डमध्ये शिफ्ट व एफ-१२ ह्यांनी लेखन जतन होते. मात्र सावधगिरीची एक सूचना : फायलींच्या यादीत शिफ्ट-डिलीट दाबल्यास फाइल कायमची पुसली जाते. तेथे ही जोडी वापरू नये.

४. कोणतीच जोडी चालत नसेल, तर माऊसची उजवी कळ दाबून येणाऱ्या यादीतून आज्ञा निवडावी. मार्ग लांबचा आहे, पण खात्रीचा आहे.

५. जन्मतारीख, गुण, नोंदणी क्रमांक इत्यादी चिकटविल्यानंतर मूळ नोंदीशी ताडून पाहावे. शक्य तेथे एकाने वाचावे व दुसऱ्याने पडताळावे.

६. एखाद्या प्रोग्रॅममध्ये हा दोष आढळल्यास तो करणाऱ्यांना लेखी कळवावा. कार्यप्रणाली कोणती, मांडणी कोणती, कोणत्या कळा दाबल्या आणि काय घडले, ह्या चार गोष्टी लिहाव्यात. ‘मराठी चालत नाही’ एवढेच लिहिल्यास वाचणाऱ्यास काहीच बोध होत नाही.

वर्गातील कृती

संगणक एकच असेल किंवा त्या दिवशी वीज नसेल, तरी हा पाठ थांबविण्याचे कारण नाही. वर्गात पुढील खेळ घ्यावा.

प्रत्येक बाकावर खडूने क्रमांक लिहावा. बाक म्हणजे कळ. त्यावर बसलेला विद्यार्थी म्हणजे अक्षर. त्याला सांगितलेले काम म्हणजे आज्ञा. शिक्षकांनी प्रथम नावाने काम सांगावे. अमक्याने फळा पुसावा, तमकीने खिडकी उघडावी. कामे बरोबर होतील. आता दोन मुलांना जागा बदलावयास सांगून कामे बाकाच्या क्रमांकाने सांगावीत. काम भलत्याकडेच जाईल. ही जर्मन व फ्रेंच कळफलकाची स्थिती. नंतर सर्व मुलांना उठवून त्या बाकांवर दुसऱ्या इयत्तेतील मुले बसवावीत आणि पुन्हा पहिल्या मुलांच्या नावाने काम सांगावे. कोणीच उठणार नाही. ही मराठी, रशियन व ग्रीक मांडणीची स्थिती.

ह्यावर मुलांनाच उपाय विचारावा. थोड्या विचाराने ती स्वतःच सांगतील : ‘आधी नावाने हाक मारावी, त्या नावाचे कोणी वर्गात नसेलच, तर बाकाच्या क्रमांकाने सांगावे.’ चांगले प्रोग्रॅम नेमका हाच नियम पाळतात. उमटणारे अक्षर रोमन असेल तर अक्षर प्रमाण. रोमन नसेल तर जागा प्रमाण. मोठमोठ्या प्रोग्रॅमकारांकडून सुटलेली गोष्ट आपल्याला सुचली, ह्याचा मुलांना सात्त्विक आनंद होईल.

फळ्यावरील काम

खालील कोष्टक फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्यावे. प्रथम इंग्रजी अक्षर, मग इन्स्क्रिप्टमधील त्याच कळेवरचे अक्षर, आणि शेवटी कंट्रोलबरोबरची आज्ञा.

सी – म – नक्कल करणे
व्ही – न – चिकटविणे
एक्स – अनुस्वार – कापणे
एस – एकाराची मात्रा – जतन करणे
ए – ओकाराची मात्रा – सर्व मजकूर निवडणे
एफ – ऱ्हस्व वेलांटी – शोधणे
पी – ज – छपाई करणे

संगणक उपलब्ध असल्यास एक नवी, रिकामी फाइल उघडावी. विद्यार्थ्यांच्या गटाने ह्यांतील प्रत्येक आज्ञा दोन्ही मांडण्यांत देऊन पाहावी आणि ‘चालली’ किंवा ‘चालली नाही’ अशी नोंद करावी. हा प्रयोग शाळेच्या दफ्तराच्या फायलींवर कदापि करू नये.

उजळणीचे प्रश्न

१. कळ दाबल्यावर कळफलक संगणकाला काय पाठवितो?
२. म च्या कळेने नक्कल होण्यासाठी प्रोग्रॅमने काय पाहिले पाहिजे?
३. जर्मन लेखकाची आज्ञा उलटी का पाळली जाते?
४. नक्कल झाली नसताना चिकटविले, तर कोणता मजकूर येतो? त्यापासून कोणता अपाय संभवतो?
५. शिवाजी फॉन्टच्या काळात शॉर्टकट का बिघडत नसत?

समारोप

चौथ्या प्रश्नावर विशेष भर द्यावा. आज वर्गात बसलेल्या ह्याच मुलांतून उद्याचे कारकून, तलाठी, परिचारिका आणि शिक्षक निर्माण व्हावयाचे आहेत, आणि लोकांची नावे व तारखा त्यांच्या हातून लिहिल्या जाणार आहेत. यंत्राने आज्ञा पाळली की नाही हे पाहण्याची सवय त्यांना शाळेतच लागली पाहिजे. त्याचप्रमाणे जे यंत्र मराठीत अडते, ते मराठीमुळे अडत नसून ते घडविताना कोणी तरी मराठीचा विचार केला नाही म्हणून अडते, हेही त्यांना कळले पाहिजे. ह्या मुलांपैकी एखादे पुढे स्वतः प्रोग्रॅम लिहू लागेल. बाकांचा हा खेळ त्या वेळी त्याला आठवला, तर आपला पाठ सार्थकी लागला असे समजावे.